मेस्त्रीकाका, खालच्या रांगेतल्या नटांसाठी आभार

मेस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

टर्बोच्या गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणारा नळ्यांचा भाग, काढायचा म्हटलं की नटांची खालची रांग बघूनच हात मागे यायचा. वर हीट शिल्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा; पुढ्यात टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा. नट दिसतो, पण पाना शिरत नाही. त्यात आपल्याकडचा खारा वारा. कर्दे-मुरुडच्या पुळणीवर फिरवून आणलेल्या गाडीचे नट तर स्टडशी, म्हणजे ज्या आटेदार खुंटीवर ते बसतात तिच्याशी, एकजीवच झालेले असतात. हे काम तुम्ही आम्हा दापोलीच्या गॅरेजवाल्यांना शिकवलंत, म्हणून हे जाहीर आभार.

आदल्या संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारं तेल सोडायचं, सकाळी पुन्हा एकदा. गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पाना, सहा कोनीच घ्यायची. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. आणि नट थेट सोडायला जायचं नाही, आधी केसभर आवळायचा! गंजाची पकड तिथेच तुटते. मग पाव फेरा सोडा, परत आवळा, तेल द्या. हँडलला पाइप लावला तर ८ मिलिमीटरचा स्टड तुटलाच म्हणून समजा.

खालच्या रांगेशी वरून झटापट करू नका, हे तुमचं सांगणं सगळ्यांत कामी आलं. बऱ्याच गाड्यांत पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिक काढलं, की गोटीचा लांब दांडा (एक्स्टेन्शन) आणि वाकणारा सांधा (युनिव्हर्सल जॉइंट) बाजूने जातो. जॉइंट फार वाकवला, तर मात्र गोटी नटावरून सटकते.

नट हललाच नाही तर गॅस फक्त नटाला, तोही तेल पुसून. ज्यात स्टड बसतात ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं; शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, हेड त्याच्याही आधी. स्टड तुटलाच तर उरलेल्या टोकावर नवा नट वेल्ड करायचा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच तो सुटायला येतो. ड्रिल शेवटचा उपाय, कारण ते तिरकं गेलं तर हेडचे आटे जातात.

नट सोडताना कडेकडून मध्याकडे, बसवताना मध्यातून कडेला, टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, कंपनीच्या पुस्तकातला. पॅकिंग (सांध्यातली गॅस्केट) आणि टर्बोच्या ऑइल लाइनचे तांब्याचे वॉशर नवेच. टर्बोची तोंडं स्वच्छ फडक्याने झाकायची. पॅकिंगचा तुकडा आत गेला तर पाती गेलीच! शेवटी इंधन बंद ठेवून थोडा थोडा सेल्फ मारायचा, म्हणजे टर्बोत तेल पोचतं.

तुमच्या गोट्या परत पाठवतोय. १२ मिलिमीटरची मात्र चार दिवस राहू द्या, एक गाडी अजून स्टँडवर आहे.

तुमचीच पोरं,
दापोली