बेचाळीस नंबर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, 4 फेब्रुवारीच्या, म्हणजे जागतिक कॅन्सर दिनाच्या बक्षिसांच्या कमिटीत मला घातलंय, निकष काय ठेवायचे सांग ना." मी कुकरच्या शिट्या मोजत होते आणि तुझ्या दारात पुढचा पेशंट उभा होता, म्हणून ते तिथेच राहिलं. आज तुझे बाबा पेन्शनच्या कामाला बँकेत गेलेत, म्हणजे दोन तास माझे. निकष-बिकष मला लिहिता येत नाहीत. पण तुला एक गोष्ट इतकी वर्षं सांगितली नव्हती, ती सांगते.

शोकेसमधलं ते 'उत्कृष्ट परिचारिका'चं सन्मानचिन्ह आठवतं ना? शाळेतल्या मित्रांना घरी आणून दाखवायचास. ते मला मिळालं टोकन मशीनसाठी.

त्याआधी आमच्या केमोच्या डे-केअरला, म्हणजे कॅन्सरचं औषध चढवून त्याच दिवशी घरी सोडायच्या विभागात, नंबर असा नव्हताच. सकाळी आठला फायलींचा ढीग यायचा आणि ज्याचा आवाज मोठा त्याची फाइल वर. कुणी नगरसेवकाची चिठ्ठी आणायचं, कुणाचा ऑफिसातून फोन यायचा, कुणी डॉक्टरांच्या साडूचा मेहुणा निघायचा. खेड्यातली माणसं मागच्या बाकावर फाइल छातीशी धरून बसायची. मला त्याची चीड यायची. दोन वर्षं अर्ज करून करून मी ते मशीन आणवलं. भिंतीवर लाल आकड्यांचा बोर्ड, दाराशी टोकन. आला तसा नंबर, कलेक्टर असो की कामगार. पहिल्या दिवशी एका चिठ्ठीवाल्याला मी त्या बोर्डाकडे बोट दाखवून परत बसवलं. तो आनंद काय सांगू तुला!

आता त्या दिवसाचं. मेळघाटातून एक कोरकू बाई यायची, तिशीचीसुद्धा नसेल. अंडाशयाचा कॅन्सर, दर 21 दिवसांनी पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं, ही चौथी खेप. नेहमी नवरा सोबत असायचा, त्या दिवशी एकटीच आली होती. टोकन मिळालं 42. संध्याकाळी साडेपाचला मी रजिस्टर मिटवलं. 42 पुढे लाल शाईने 'गैरहजर' लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. औषध कालवायची कॅबिनेट बंद झाली होती, फार्मसिस्ट घरी गेला होता. मी पर्स उचलली, तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी दारात आल्या.

"सिस्टर, थे पोरगी सकायपासून बसून हाये न जी. तिले सुई लागलीच नाही."

बाहेर जाऊन बघते तर ती खांबाआड बसलेली. मुठीत टोकनचा कागद, घामाने लगदा झालेला. बोर्डावर 41 आला, 42 आला, टिंग वाजलं, 43 आला. तिला इंग्रजी आकडे वाचता येत नव्हते. आम्ही नावही पुकारलं होतं म्हणे, पण फायलीवरचं, आडनावापासून सुरू होणारं, आणि तिला त्या नावाने जन्मात कुणी हाक मारली नव्हती. सगळे उठतात तसं कुणीतरी आपल्यालाही उठवील म्हणून ती बसून राहिली. तिची शेवटची एसटी चारला गेली होती.

रात्री ती व्हरांड्यात झोपली. मावशींनी डब्यातली अर्धी भाकरी तिला दिली आणि घरी निरोप पाठवून त्या स्वतःही तिथेच राहिल्या. मी मात्र घरी आले. तुझी सहामाही परीक्षा होती, तुझं गणित घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली सुई तिला लावली.

आणि बक्षीस? ते चार महिन्यांनी मिळालं. मशीन आल्यापासून पेशंटचा सरासरी थांबायचा वेळ किती कमी झाला याचा तक्ता स्टेजवर लावला होता. त्या सरासरीत 'गैरहजर' धरलेले नव्हते. जी सगळ्यात जास्त थांबली, ती हिशेबातच नव्हती. मला ते तिथे उभं असतानाच कळलं, शाल अंगावर आणि नारळ हातात. बोलले नाही. मावशी सभागृहात नव्हत्याच, त्या बाहेर चहाचे कप गोळा करत होत्या. त्या कंत्राटी, त्यामुळे त्यांचं नाव सुचवता येत नव्हतं. फॉर्मवर एम्प्लॉयी कोडचा रकाना होता आणि कंत्राटदाराच्या माणसांना कोड नसतो.

त्यानंतर मावशींनी त्यांचं त्यांनी एक सुरू केलं. सकाळी टोकन घेतलेल्याला झाडू टेकवून विचारायच्या, "कुठून आले जी? गाडी कितीची?" आणि माझ्या टेबलाशी येऊन सांगायच्या, "धारणीवाले दोघं, चारची गाडी." मी फायलीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने '4' लिहू लागले. हळूहळू आमचा क्रम बदलला. ज्याची केमो पाच-सहा तासांची तो आधी, लांबचा त्याच्याही आधी, गावातला आणि तासाभराचं औषध असलेला दुपारून. यावर भांडणं झाली नाहीत असं समजू नकोस. एक गृहस्थ तर बोर्डासमोर उभे राहून ओरडले, "माझा बारा नंबर आहे आणि पंचवीसवाल्याला कसं घेतलंत? हा अन्याय आहे!" गंमत म्हणजे दोन वर्षांपूर्वी मीच हे वाक्य चिठ्ठीवाल्यांविरुद्ध साहेबांच्या केबिनमध्ये म्हटलं होतं. त्यांना उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला. शेवटी एवढंच म्हणाले, "काका, तुम्ही रिक्षाने घरी जाल. त्यांची गाडी गेली तर ते फरशीवर झोपतील."

परळला टाटामध्ये ट्रेनिंगला गेले होते तेव्हाही हेच डोक्यात घोळत होतं. लेडी मेहरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरने 1931 साली परदेशात गेल्या. तसे उपचार इथे मिळावेत ही सर दोराबजींची इच्छा. पण पुढच्याच वर्षी तेही गेले, आणि त्यांच्या ट्रस्टने 28 फेब्रुवारी 1941 ला ते हॉस्पिटल उघडलं. 1962 पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे, हे ऐकून तुझ्या बाबांना अजून नवल वाटतं. तिथे जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन कॅटेगरी. पैसेवाला प्रायव्हेटमध्ये जास्त भरतो, त्यातून जनरलवाल्याचा भार हलका होतो. खोली वेगळी, बिल वेगळं, औषधाचं प्रोटोकॉल तेच. मला ते पटलं होतं. पण संध्याकाळी बाहेर पडलं की फुटपाथवर प्लास्टिक अंथरून बसलेली कुटुंबं दिसायची, बिहारची, बंगालची, आपल्या जळगाव-नांदेडची. नळी लावलेली माणसं, कडेला स्टोव्ह. ऑपरेशन माफक खर्चात झालं तरी पुढचा दीड महिना रेडिएशन चालू असताना झोपायचं कुठे? एकदा आमच्याच एका पेशंटला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत सोडायला गेले. ओट्यावर चादर पसरता पसरता त्याची बायको म्हणाली, "आता औषध लागू पडेल." औषध तर पंधरा दिवस चालूच होतं रे.

हे तुला अशासाठी सांगते की तुमच्या सोहळ्याला बॅनर लागतील. 2022 ते 2024 तीन वर्षं 4 फेब्रुवारीला 'क्लोज द केअर गॅप', म्हणजे उपचारांतली दरी मिटवायचं घोषवाक्य होतं, तेव्हाचं फ्लेक्स मी बघितलंय, चांगलं गुळगुळीत. दरी कुठे आहे ते मात्र फ्लेक्सवाल्याला ठाऊक नसतं. ती पेशंटच्या पिशवीत असते. महात्मा फुले योजना घे. 2012 ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून आली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते, खोटं नाही सांगत. पण रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं राहिलं असेल तर हॉस्पिटलात बसणारा योजनेचा आरोग्यमित्र तरी काय करणार! ती परत तालुक्याला जाणार, तलाठ्याला शोधणार, आणि इकडे 21 दिवसांचे 35 होणार. रेल्वेचंही तसंच. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं भाडं माफ असतं, सोबतच्यालाही मोठी सूट, फक्त ठरलेल्या फॉर्मवर डॉक्टरची सही-शिक्का हवा. आमच्या रेकॉर्ड रूमचा क्लार्क ते फॉर्म रोज सकाळी भरून, सहीला लावून तयार ठेवायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा वर्षांत कुठल्याही स्टेजवर त्याचं नाव मी ऐकलं नाही. स्वभावाने तिरसट होता, हेही खरं. पेशंटशी कधी गोड बोलला नाही. तुमच्या फॉर्मवर 'हसतमुख' असा काही निकष असेल तर तो पहिल्याच फेरीत बाद!

दुखण्याचंही सांगते, कारण तिथे तर आम्ही शिकलेलेच कमी पडतो. शून्य ते दहामध्ये किती दुखतं, असं आम्ही विचारायचो. शहरातला माणूस आठ सांगायचा. खेड्यातली बाई पदर तोंडाला लावून म्हणायची, "बरं हाये." म्हणजे चार्टवर शून्य, म्हणजे मॉर्फिन नाही. आधीच अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्याच्या धाकाने मॉर्फिन ठेवायलाच लोक घाबरत, 2014 ला तो सैल झाला तरी कपाटाची किल्ली हातात घेताना आमचे हात थबकायचेच. मावशी पाट्या उचलता उचलता सांगून जायच्या, "पाच नंबरवाली रातभर भिंतीले डोकं लावून बसली होती." तो आमचा खरा पेन स्कोअर.

आता मावशींच्या हातांबद्दल, हे तू डॉक्टर म्हणून नीट वाच. केमो झाल्यावर 48 तास तरी पेशंटच्या लघवीत, उलटीत औषधाचा अंश येतो, हे आम्हा नर्सेसना शिकवलं होतं. आम्ही गाऊन, डबल ग्लोव्ह्ज घालून औषध लावायचो. आणि त्याच लघवी-उलटीची भांडी मावशी एका पातळ ग्लोव्ह्जने, कधी तोही नसताना, रिकामी करायच्या. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मीही नाही, कितीतरी वर्षं. त्यांच्या बोटांची सालं निघायची तेव्हा मी खोबरेल तेल लावा म्हणायचे! हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनंतर पिवळ्या पिशव्यांवर सायटोटॉक्सिकचं, म्हणजे पेशींना घातक असल्याचं, लेबल आलं, तेव्हा ट्रेनिंगला त्यांना पहिल्यांदा खुर्चीवर बसवलं. त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "सिस्टर, हे मंग आंधी काहून नाही सांगितलं?" मी पिशवीला गाठ मारत बसले.

म्हणून म्हणते, शाल द्यायच्या आधी ग्लोव्ह्ज दे, आणि कंत्राटदार महिन्याचा पगार महिन्याला देतो का ते विचार. कमिटीत हे बोलशील तर म्हणतील हा आपला विषय नाही. एकदा बोलून बघ. सन्मान नको असं मी म्हणत नाही, मलाही ते सन्मानचिन्ह पुसताना बरं वाटतंच. पण नावं शोधायची तर विभागप्रमुखांकडून यादी मागवू नकोस, त्यात माझ्यासारख्या येतील. रात्री दोनला वॉर्डात चक्कर मार. जुना पेशंट दारातून आत आला की कुणाची चौकशी करतो ते ऐक. आणि फॉर्मवरचा तो कोडचा रकाना खोडायला लाव. एवढं तर तुझ्या हातात आहे.

मावशी आता परतवाड्याला लेकीकडे असतात. दिवाळीत फोन केला होता. ती कोरकू पोरगी पुढच्या दोन्ही खेपा पुऱ्या करून गेली, नंतर फॉलो-अपला तीन वर्षं येत होती, मग यायची थांबली. बरी आहे की नाही, मला ठाऊक नाही. मावशी म्हणतात बरीच असणार, गाडी परवडत नसेल.

संक्रांतीला आला नाहीस, तिळगूळ कुरिअरने पाठवलाय. वड्या जरा कडक झाल्यात, दात सांभाळ.

तुझी,
आई

ता. क. ग्लोव्ह्ज मागवशील तर सगळे एकाच मापाचे मागवू नकोस. आमच्याकडे कायम साडेसातचे यायचे, बायकांच्या हाताला साडेसहा लागतात. मावशी मनगटाला रबरबँड लावून वापरायच्या.