त्वेरच्या कोटवाल्या मावशी, तुमचे आभार मानायचे राहिलेत

प्रिय मावशी,

तुमचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही आणि तुम्हाला मराठी यायचं काही कारण नाही, म्हणजे हे पत्र तुमच्या हातात पडायची शक्यता जवळपास शून्य. तरी लिहितेय. कारण रशियाहून परत आल्यापासून आई घरी येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी गॅसवाल्याला पण, तुमची गोष्ट सांगते आणि सांगता सांगता तिचा आवाज असा काही होतो की मला उठून चहा टाकायला जावं लागतं.

पण आधी थोडं भांडून घेते, तुमच्याशी नाही, इथल्यांशी. ज्या टूरवाल्यांनी आमच्याकडून आगाऊ पैसे घेतले आणि "मॅडम, त्वेरला आपला माणूस स्टेशनवर बोर्ड घेऊन उभा असेल, आईंना एक पाऊल जास्त चालायला लागणार नाही" असं छातीठोक सांगितलं, त्यांचा तो माणूस अजून यायचाय. स्टेशनवर बोर्ड नाही, माणूस नाही, आणि दिलेल्या नंबरवर फोन लावला तर एक बाई रशियनमध्ये काहीतरी टेप लावल्यासारखं बोलते. नंतर यांना विचारलं तर म्हणे कम्युनिकेशन गॅप झाला. माणूसच नव्हता तर कम्युनिकेशन कुणाशी करणार होता तुम्ही?

आता त्वेरला कशाला गेलो ते सांगते, कारण ओळखीतल्या सगळ्यांनी हाच प्रश्न विचारलाय. मॉस्को बघितलं, पीटर्सबर्ग बघितलं, मध्येच हे काय? तर आम्ही चौलचे. रेवदंड्याला लागून असलेलं चौल. आणि तुमच्या गावचा व्यापारी अफनासी निकीतीन, ज्याचा पुतळा तुम्ही व्होल्गाच्या काठावर उभा केलाय, तो साधारण 1469 च्या सुमाराला घोडा विकायला आमच्या चौलच्या बंदरात उतरला होता, वास्को द गामा यायच्या चांगली तीसेक वर्षं आधी. आमच्या रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. आई शाळेत इतिहास शिकवायची, तिने कितीतरी वर्षं पोरांना हा माणूस शिकवला, आणि रिटायर झाल्यावर तिचं एकच होतं की तो आपल्या गावी आला, आपण त्याच्या गावी जाऊन येऊ. टूरवाले म्हणाले तिथे बघण्यासारखं काही नाही. आई म्हणाली, मग चौलला तरी त्याला काय बघायचं होतं?

तर गेलो. लेनिनग्राडस्की स्टेशनवरून ट्रेन पकडली, मॉस्कोपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आतच आहे त्वेर. पुतळा मस्त आहे, 1955 सालचा, चौथरा नावेच्या आकाराचा आणि नावेच्या टोकाला घोड्याचं डोकं. आईने त्याला नमस्कार केला. बाजूने एक आजोबा कुत्रा फिरवत होते, ते थांबले, बघितलं आणि काही न बोलता पुढे गेले. निकीतीनने लिहून ठेवलंय की चौलमध्ये तो जाईल तिथे लोक मागे मागे यायचे, गोरा माणूस बघून नवल करायचे. आई टिकली लावून, कोटाखाली साडी नेसून तुमच्या गावातून फिरली तर एक माणूस वळून बघायला तयार नाही! आईला थोडं वाईटच वाटलं असावं.

मग थंडी सहन होईना म्हणून पूल ओलांडून राजवाड्यात आलो. कॅथरिन राणी मॉस्को-पीटर्सबर्ग प्रवासात मुक्काम करायची तो, आता तिथे चित्रं लावलीत. आणि तिथे कोट ठेवायच्या काउंटरमागे तुम्ही.

मावशी, तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही. तुमच्यासमोर तो कोट ठेवताना आईचा हात थरथरत होता तो थंडीने नाही. तुमच्याकडे कुठेही आत शिरा, म्युझियम, थिएटर, आधी कोट काढून द्यावा लागतो आणि बिल्ला घ्यावा लागतो, आणि त्या कोटाला कॉलरच्या आत लूप लागतो हुकाला अडकवायला. आम्हाला काय माहीत? आईचा कोट पुण्याच्या मामेबहिणीचा, उसना आणलेला, त्याचा लूप कधीच तुटून गेलेला, आणि पुण्यात खुंटीवाचून कुणाचं काय अडलंय. पण मॉस्कोतल्या एका म्युझियममध्ये काउंटरवरच्या बाईंनी तो कोट उलटापालटा केला, लूप नाही बघून सगळ्या रांगेसमोर आईवर जो आवाज चढवला, आईला कळत काहीच नव्हतं, तिला वाटलं आपण चोरी करताना सापडलो. रांगेतल्या कुणीतरी तो कोट शेवटी कोटाच्याच टोपीने अडकवून दिला. त्यानंतर आईने प्रत्येक ठिकाणी "मी बाहेर बसते, तू बघून ये" सुरू केलं होतं.

तुम्ही पण कोट उलटा केलात. कॉलर बघितली. आईकडे बघितलंत, चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. मी म्हटलं झालं आता. तुम्ही बिल्ला दिलात, बास.

चित्रं बघून खाली आलो तर कोट परत देताना तुम्ही कॉलर बाहेरच्या बाजूला धरून आईसमोर धरलीत. आत काळ्या जाड फितीचा नवा लूप शिवलेला. दोन्ही टोकं आत दुमडून, बारीक टाके घालून, दोरासुद्धा कोटाच्या रंगाचा शोधलेला. तुम्ही तो लूप बोटाने एकदा जोरात ओढून दाखवलात, की बघा, निघणार नाही. आणि पुढच्या माणसाचा कोट घ्यायला वळलात.

हे मी कितीतरी लोकांना सांगितलंय आणि ते म्हणतात, बरं, आणि पुढे? त्यांना पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. मला नाही वाटत. पुढे जे केलंत ते कुणी अडकलेलं दिसल्यावर एखाद्या भल्या माणसाने केलं असतं. पण लूप? तो कुणी मागितला नव्हता. तुमच्या ड्युटीत तो बसत नव्हता, आम्हाला त्याचा पत्ताही लागला नसता, आणि आम्ही परत कधी त्वेरला येणार नाही हे तुम्हाला दिसतच होतं, म्हणजे तो पुढच्या काउंटरवरच्या कुणातरी वेगळ्याच बाईसाठी शिवलेला. किंवा तिच्यापासून आईला वाचवायला. आई बाहेर आल्यावर पायरीवर उभी राहून तो लूप चाचपत राहिली, मी म्हटलं चल अंधार पडेल, तर म्हणते थांब गं.

आणि अंधार पडलाच, नोव्हेंबरात तुमच्याकडे साडेचारलाच दिवे लागतात. त्यात मोबाइल इंटरनेट बंद. 2025 पासून तुमच्या कितीतरी शहरांत ड्रोनच्या भीतीने नेट बंद ठेवतात हे ऐकलं होतं, पण ते प्रत्यक्षात काय असतं ते फुटपाथवर उभं राहिल्यावर कळतं. मॅप नाही, ट्रान्सलेटर नाही, टॅक्सीचं ॲप नाही. एका टॅक्सीवाल्याला हात केला तर त्याने स्टेशनसाठी जो आकडा बोटांनी दाखवला त्यात मॉस्कोला जाऊन आलो असतो. बर्फ वितळून परत गोठलेलं, आईचा गुडघा बोलायला लागलेला. मी रस्त्यात तीन वेगवेगळ्या दिशांना बघत उभी होते तेवढ्यात तुम्ही बाहेर आलात, ड्युटी संपवून, हातात भाजीची पिशवी. "वगझाल?", म्हणजे स्टेशन, एवढं विचारलंत. मी मान हलवली. तुम्ही पिशवी माझ्याकडे दिलीत आणि आईचा दंड धरलात. मला न विचारता! आणि मग ती बर्फाची फरशी तुम्ही दोघींनी ज्या काही चालीने पार केली, दोन म्हाताऱ्या, एक मराठीत बोलतेय एक रशियनमध्ये, मी मागून बटाटे घेऊन.

बसमध्ये तुम्ही तुमचं कार्ड तीनदा टेकवलंत. आमची कार्डं तुमच्या देशात 2022 पासून मेलीयत, व्हिसा काय मास्टरकार्ड काय, म्हणून सगळीकडे नोटा मोजत फिरत होतो. मी पैसे पुढे केले तर तुम्ही माझ्या हाताकडे असं बघितलंत की मी ते परत खिशात घातले. मग अचानक "मिथुन चक्रबोर्ती" म्हणालात. आईला मिथुन अजिबात आवडत नाही, पण त्या दिवशी तिने मोठ्याने "हो हो, मिथुन" केलं, हे मी तुम्हाला खास सांगतेय कारण तिच्याकडून हा फार मोठा त्याग आहे.

स्टेशनवर तुम्ही खिडकीत जाऊन आमची गाडी विचारलीत, फलाट दाखवलात, आई बसल्यावर काचेतून हात केलात. त्याच्या आधी आईने पर्समधली आलेपाकाची वडी तुम्हाला दिली होती. पैसे नाही घेतलेत, वडी घेतलीत. तोंडात टाकल्यावर डोळ्यांत पाणी आलं आणि मग तुम्ही हसलात. सबंध रशियात आमच्याकडे बघून मनापासून हसलेलं ते पहिलं माणूस, आणि तेही आल्याच्या झटक्याने.

यूट्यूबवर सगळे सांगतात रशियन लोक हसत नाहीत, उद्धट असतात. हसत नाहीत हे खरंय. दुकानात सुटे पैसे हातात नाही देत, काउंटरवरच्या ताटलीत टाकतात. पण मॉस्को मेट्रोचे ते लाकडी जड दरवाजे असतात ना, मागून कुणी येतंय म्हटलं की पुढचा माणूस तो धरून ठेवतो, वळून बघत पण नाही, नुसता धरतो. आई डब्यात शिरली की कानात हेडफोन घातलेला पोरगा मान वर न करता उभा राहणार. पीटर्सबर्गला अद्मिरल्तेयस्काया मेट्रो स्टेशनला तर जमिनीखाली 86 मीटर उतरायचं, तो सरकता जिना संपता संपत नाही, आई डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणत होती, तर पुढच्या पायरीवरच्या बाईने मागे हात करून तिला धरायला दिला, आणि खाली पोचल्यावर सोडून चालू पडली. थँक्यू ऐकायला पण थांबत नाहीत तुमची माणसं. आमच्याकडे उलटं, आम्ही गोड बोलतो, "काकू बसा ना" म्हणतो, आणि सीट मात्र देत नाही. सगळेच असे नाहीत, पण अलिबागच्या एसटीत आईला घेऊन एकदा चढून बघा.

निकीतीनचं एक सांगायचं राहिलं, तुम्हाला कदाचित माहीत असेल. चौलहून तो जुन्नरला गेला, पावसाळ्यात अडकला, चार महिने नुसतं पाणी आणि चिखल असं त्याने वैतागून लिहिलंय (बरोबरच लिहिलंय). तिथल्या असद खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल तर घोडा देतो म्हणाला. मुदत दिली चार दिवसांची. हा परका, एकटा. तेव्हा मोहम्मद नावाचा एक खुरासानी माणूस मध्ये पडला, खानाकडे रदबदली केली आणि घोडा परत मिळवून दिला. तो खुरासानी पण तिथला नव्हताच, त्याला काय पडलेली? निकीतीन पुढे घरी पोचलाच नाही, त्वेर गाठायच्या आधी स्मोलेन्स्कजवळ वारला, पण त्या माणसाचं नाव त्याने लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला माहीत आहे. आई म्हणते आपण तेवढंही केलं नाही, नाव नाही आपल्याकडे. म्हणून हे पत्र.

आता हे वाचणाऱ्यांपैकी कुणी या हिवाळ्यात मॉस्कोला जाणार असेल आणि त्वेरपर्यंत जायची तयारी असेल तर प्लीज मला कळवा. आईने आलेपाक करून ठेवलाय, यावेळी आलं निम्मं घातलंय, पुडा अर्ध्या किलोच्या आत आहे. राजवाड्यात शिरल्यावर कोटाचा काउंटर लगेच दिसतो. मावशींना "चौल" म्हणून काही कळणार नाही, तुम्ही "मिथुन" म्हणा.

तुमची,
मागून बटाटे घेऊन येणारी