आर्म नका बदलू, आधी बुश बघा

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुनी गाडी कशी सांभाळावी यावर लेख आला होता, लेख चांगला होता, पण मागून आवाज आला की शॉकॲब्सॉर्बर बदला एवढ्या एका वाक्यात विषय मिटवला ते काय पटलं नाही. शॉक गेला की गाडी ब्रेकरनंतरही हलत राहते, झोके खाते. पण ब्रेकरवर मागून एकच धाडकन आवाज येतो, हायवेला ॲक्सिलेटर सोडला की शेपूट जरा बाजूला सरकल्यासारखं वाटतं, हे बहुतेक वेळा मागच्या कंट्रोल आर्मच्या बुशचं दुखणं असतं. आर्म म्हणजे चाकाची बाजू बॉडीला जोडणारा लोखंडी दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या टोकाच्या भोकात बसणारं रबर. शॉक नवे टाकून आवाज तसाच राहिलेल्या गाड्या आपल्या सोलापुरात विजापूर रोडच्या कुठल्याही गॅरेजात बघायला मिळतील.

आता सगळ्या गाड्यांना मागं आर्म नसतात हेही सांगतो. स्विफ्टसारख्या गाडीला मागं दोन्ही चाकं जोडणारा अख्खा बीम असतो आणि तो दोन बुशवर बसतो, विषय संपला. पण २००५ ला आलेली पहिली इनोव्हा घ्या, आपल्याकडं तुळजापूर-अक्कलकोट-पंढरपूरच्या भाड्यावर पळून पळून म्हातारी झालेली, तिला मागं दोन वरचे आर्म, दोन खालचे आणि एक आडवा रॉड. पाच दांडे, दहा टोकं, आणि टोकाटोकाला रबराचा बुश. स्कोडा लॉरा, जुनी सिव्हिक यांना तर याहून गुंतागुंतीचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या सोलापुरात आर्म सहसा मरत नाही, बुश मरतो. हवा कोरडी, लोखंडाला गंज फार धरत नाही, पण एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर आणि रस्त्याचं डांबर त्याहून गरम, त्या धगीनं रबर कडक होतं आणि भेगा पडतात. कोकणात उलटं, तिथं खारी हवा लोखंडच खाते. तरी पार्टच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न काय, "पूर्ण आर्मच घ्या की ओ, बुशसकट येतो, झंझटच नाही". झंझट नाही बरोबर आहे, पण त्या स्वस्तातल्या आर्मचा पत्रा पातळ, वेल्डिंग कसंतरी, आणि आतला बुश कुठल्या रबराचा ते देवाला माहीत. कंपनीचा मूळ आर्म सरळ असेल, बुशचं भोक अंडाकृती झालं नसेल, तर तोच ठेवा आणि चांगल्या प्रतीचा बुश प्रेसनं बसवून घ्या. फक्त गाडी मुंबई-कोकणातून सेकंडहँड आणलेली असेल तर आर्मला खालून हातोडीनं टिचकी मारून बघा, गंजाचे पापुद्रे निघाले किंवा आर्म कुठं वाकलेला दिसला तर मग मात्र आर्मच बदला, तिथं कंजुषी नको. भंगारवाल्याकडून जुना आर्म आणायचा तर आणा, पण त्यातला जुना बुश वापरू नका, तोही त्याच वयाचा असतो.

दुसरं, पॉलीयुरेथेनचे, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लास्टिकसारख्या मालाचे रंगीत बुश. लाल-पिवळे दिसतात, "लाइफटाइम" म्हणून सांगतात, तरुण पोरं भुलतात. रबराचा बुश साधारण ५०-७० शोअर (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडक असतो, पॉली ८०-९५ पर्यंत जातो. रेसच्या गाडीला ठीक आहे. पण इनोव्हासारख्या गाडीत एक चाक खड्ड्यात आणि एक वर असलं की आर्म पिळला जातो, रबर तेवढं सोसतं, पॉली सोसत नाही, अडकतं, आणि तो ताण मग आर्मवर आणि बॉडीच्या ब्रॅकेटवर जातो. वरून ग्रीस वेळेवर दिलं नाही तर किरकिर. म्हातारे आईवडील मागं बसवून रोज दवाखान्याला न्यायची गाडी असेल तर रबरच टाका, बाकी तुमची मर्जी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चांगला बुश आणून पण चार-सहा महिन्यात फाटतो तो का. हा रबराचा बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. आतली नळी बोल्टनं गच्च आवळलेली, बाहेरची आर्ममध्ये घट्ट, आणि मधलं रबर दोन्हीला चिकटवलेलं, आर्म वरखाली झाला की ते रबर फक्त पिळतं आणि परत येतं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली, आणि मिस्त्रीनं त्याच अवस्थेत बोल्ट फुल टाइट केला, मग गाडी खाली उतरवली की उभ्या गाडीतच रबर कायमचं पिळलेलं, टॉवेल पिळून तसाच बांधून ठेवल्यासारखं. वर आपले ब्रेकर, मग ते किती टिकणार? बोल्ट आधी नुसते हातानं लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, थोडी दाबून हलवायची, आणि मग पिटमध्ये (गाडीखालच्या खड्ड्यात) उतरून कंपनीनं दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरानं, आवळायचे. पिट नसेल तर ॲक्सलखाली स्टँड देऊन गाडीचं वजन ॲक्सलवर घ्यायचं. दहा-पंधरा मिनिटांचं जास्तीचं काम, पण गिऱ्हाईकानं उभं राहून सांगितल्याशिवाय करतंय कोण?

बुश घणानं ठोकून बसवू देऊ नका, बाहेरची नळी दबते. काही बुशमध्ये मुद्दाम पोकळ खाच असते, तिची दिशा जुन्याप्रमाणेच ठेवावी लागते, म्हणून काढायच्या आधी खूण करायची. आणि एका बाजूचा गेला तरी दोन्ही बाजूचे जोडीनं बदला. नंतर अलाइनमेंटला गेलात की फक्त पुढची दोन चाकं बघून पाठवू देऊ नका, मागचं रीडिंग पण छापून मागा, मागचा ॲक्सल तिरका असेल तर त्यातच कळतं.

अजून एक, वॉशिंग सेंटरला गाडी धुतली की खालून डिझेल नाहीतर जळकं ऑइल फवारतात, "गंज धरत नाही साहेब" म्हणून. दोन दिवस किरकिर थांबते खरी, पण तेलानं रबर फुगतं आणि मऊ पडतं. आपल्या कोरड्या गावात त्या फवाऱ्याची गरजच काय? सरळ नको म्हणा.

खाजगी गाडीला १५ वर्षं झाली की आरसी रिन्यू करावी लागते, २०२२ ला त्याची फी ५००० रुपये केली, तरी लोक भरतातच, कारण नवी घ्यायची ऐपत सगळ्यांची नसते. अशा लोकांसाठी नव्या मॉडेलच्या फोटोंमधून थोडी जागा काढून, खालून गाडी कशी बघायची, बुश हलवून बघायला पहार कुठं लावायची, कुठली भेग चालते कुठली नाही, हे एखाद्या अनुभवी मिस्त्रीला विचारून चित्रासकट छापलं तर बरं होईल.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर