तरुण ताऱ्यांचे भडकेही पुरवणीत यावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र पानभर छापले, याबद्दल आभार. मात्र सोबतचा मजकूर वाचून तेथे सारे काही निवांत चालले असावे असा समज होतो आणि तो दूर व्हायला हवा. आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरच्या या मेघातले बहुतेक तारे जेमतेम दहा-वीस लाख वर्षांचे आहेत, आणि या वयात तारा किती अस्वस्थ असतो हे क्ष-किरणांत, तेही दिवसचे दिवस नजर न हटवता पाहिल्यावरच कळते.

क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणात अडतात, म्हणून ही पाहणी अवकाशातूनच करावी लागते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाच्या ‘चंद्रा’ वेधशाळेने जानेवारी २००३ मध्ये जवळजवळ तेरा दिवस या एकाच मेघावर रोख ठेवला आणि १,६०० हून अधिक क्ष-किरण स्रोत टिपले. त्यांतल्या सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या ताऱ्यांवर सरासरी आठवड्याला एक प्रचंड भडका उडत होता. काही तासांत तेज अनेक पटींनी चढायचे आणि ओसरायला कधी कधी दिवस लागायचा. भडका नसतानाही हे तारे क्ष-किरणांत आजच्या सूर्याच्या हजारपट किंवा त्याहून तेजस्वी असतात. वेगाने फिरणाऱ्या, आतून घुसळल्या जाणाऱ्या या ताऱ्यांची चुंबकीय क्षेत्रे पीळ पडून तुटतात आणि नव्याने जुळतात, तेव्हा वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो. आपला सूर्यही या अवस्थेतून गेला असणार. ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या ज्या चकतीतून ग्रह घडतात तिच्यातल्या वायूचे या किरणांमुळे आयनीभवन होते, म्हणजे त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात, त्यामुळे ग्रहांच्या जडणघडणीचा विचार करताना हे भडके वगळून चालणारच नाही.

दुसरे उदाहरण तर हौशी निरीक्षकांनी अभिमानाने सांगावे असे आहे. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या जे मॅकनील या हौशी निरीक्षकाला आपल्या तीन इंची दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्रात, मृगातल्याच एम ७८ या मेघाजवळ, पूर्वी नसलेला एक तेजाळ ठिपका आढळला. धुळीत दडलेला एक तरुण तारा उजळला होता. योगायोगाने ‘चंद्रा’ने तो भाग २००२ मध्येच टिपलेला होता, म्हणून आधीची आणि नंतरची नोंद ताडून पाहता आली: क्ष-किरणांतही तो तारा सुमारे पन्नासपट तेजस्वी झाला होता. चकतीतले द्रव्य ताऱ्यावर कोसळण्याचा वेग वाढला की क्ष-किरणही वाढतात, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते. पुढील निरीक्षणांत त्याचे क्ष-किरण साधारण दिवसाच्या आवर्तनाने कमी-अधिक होताना आढळले. ताऱ्याच्या फिरण्याबरोबर त्यावरचे तप्त भाग समोर येतात आणि आड जातात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

म्हणून विनंती अशी, की अशा छायाचित्राशेजारी त्यातल्या एखाद्या ताऱ्याच्या बदलत्या तेजाचा आलेखही छापावा आणि तो कसा वाचायचा हे चार ओळींत सांगावे. ‘चंद्रा’च्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुल्या होतात. आपल्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरील क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली आहे आणि त्या उपग्रहाच्या नोंदी वापरणाऱ्यांना मदत करणारा कक्ष पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन केंद्रात आहे. तेव्हा आलेख समजावून सांगणारे जाणकार शोधायला आपल्या प्रतिनिधीला राज्याबाहेर जावे लागणार नाही.

आपला,
एक आकाशनिरीक्षक, सातारा