अभ्यासिकेच्या फळ्यावर रोज लिहिणाऱ्या काकांना मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

अभ्यासिकेच्या जिन्याखाली जो काळा फळा आहे ना, त्यावर रोज सकाळी तुम्ही चार-पाच ओळी लिहिता, त्यासाठी हे पत्र. समोर येऊन बोलले असते तर तुम्ही "बरं बरं, अभ्यासाला बसा" म्हणत निघून गेला असता, म्हणून सगळ्यांना दिसेल असं लिहितेय.

कोल्हापुरात आमच्यासारखी एमपीएससीवाली पोरंपोरी भरपूर, आणि दिनविशेष तर काय, उठायच्या आत मोबाईलवर येऊन पडलेले असतात. पण तुमच्या फळ्यावर नुसती तारीख कधीच नसायची. ते झालं कसं आणि कशावरून म्हणायचं, हे पण असायचं. आता भारतीय प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून लागू झाली हे आम्ही पाठ केलेलंच होतं, तुम्ही खाली लिहिलं की मुंबईने ती सहजासहजी मनावर घेतली नाही, मुंबईची स्वतःची वेळ 39 मिनिटं मागे होती आणि महापालिका पुढे कित्येक वर्षं तीच धरून बसली होती. आणि 39 च का, तर प्रमाणवेळ 82.5 रेखांशावरची, मुंबई 73 च्या जरा अलीकडे, एका अंशाला 4 मिनिटं, करा गुणाकार. अख्खी अभ्यासिका त्या दिवशी जिन्यात उभी राहून हिशोब करत होती!

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते 18 ऑगस्टच्या फळ्याबद्दल. मी देवगड तालुक्यातली. आमच्याकडे लहानपणापासून ऐकत आलोय की 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने, म्हणजे आमच्या लॉकियरसाहेबाने, विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला, किल्ल्यावर साहेबाचे ओटे पण दाखवतात. दरवर्षी तो मेसेज फिरतो आणि आम्हाला अभिमान वाटतो, वाटणारच ना. तुम्ही त्या दिवशी लिहिलंत की 18 ऑगस्ट 1868 ला ग्रहण बघायला जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ आंध्रात गुंटूरला होता, लॉकियर तर इंग्लंडमध्येच होता आणि त्याने ऑक्टोबरमध्ये ग्रहण नसतानाच तिथून सूर्याच्या कडेचा वर्णपट (प्रकाशातले रंग वेगळे करून दिसणारा पट्टा) घेतला. त्यात जी पिवळी रेषा दिसत होती ती सोडियमच्या रेषांशी जुळेना, म्हणून हे नवीनच मूलद्रव्य, म्हणजे हेलियम, असणार असं पुढे आलं. पृथ्वीवर ते रॅमसे या शास्त्रज्ञाला सापडलं 1895 मध्ये. आणि लॉकियर विजयदुर्गला आला होता हे पण खरं, फक्त तो आला 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, म्हणजे हेलियम पृथ्वीवर सापडून गेल्यानंतर.

त्या दिवशी पोरं तुमच्याशी भांडली, कोकणातली जास्तच. तुम्ही आवाज चढवला नाही, फळाही पुसला नाही, लॉकियरच्याच 1898 च्या विजयदुर्ग मोहिमेच्या रिपोर्टची प्रिंट आणून खाली चिकटवली. मला तर वाटतं खरी गोष्ट जास्त भारी आहे. एवढा मोठा शास्त्रज्ञ दुर्बिणी आणि सगळी यंत्रं घेऊन समुद्रातून आमच्या किल्ल्यावर येतो, याच्यात काय कमी आहे? गावाला गेले की मी आता हेच सांगते, आणि लोक ऐकतात, खरंच ऐकतात.

भाषेचे फळे पण तसेच. 27 फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन आणि 1 मे हा राजभाषा दिन, या दोघांची गल्लत तुम्ही दरवर्षी न कंटाळता सोडवता. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख शके 934 चा म्हणजे इ.स. 1012 चा, हे लिहिलंत तेव्हा शकात 78 कधी मिळवायचे आणि 79 कधी ते पण दिलंत (पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत 78, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत 79). ही एक ओळ मला आज रोज लागते.

कारण तुम्ही एक अख्खा आठवडा मोडी लिहिली होती. आधी डावीकडून उजवीकडे आडवी रेघ मारायची, मग तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहीत जायचं, शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ती मराठीत रुळवली ती मेजर कॅंडीने, तीही बाळबोधमध्ये, म्हणजे देवनागरीत. शेवटच्या दिवशी तुम्ही कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं की पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग असतात, ज्यांना जमेल त्यांनी जा. मी गेले. परीक्षा पास होऊन नोकरी लागली ती तहसीलच्या अभिलेख कक्षात, आणि तिथे कुणबी नोंदींसाठी जुनी कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना 14, उघडली तर जन्ममृत्यूच्या नोंदी सगळ्या मोडीत! म्हातारी माणसं लांबून एसटीने येतात, पणजोबांचं नाव शोधून द्या म्हणतात. मी पान वाचून दाखवते तेव्हा त्यांना तुम्ही माहीत नसता काका, पण तुमच्या त्या आठवड्यामुळेच मी तिथे वाचायला बसलेली असते. आणि एखादं अक्षर नीट लागत नसेल तर अंदाजाने नाव सांगत नाही, दुसऱ्या नोंदीशी ताडून बघते, ही सवय पण फळ्यासमोरचीच.

तुमच्या खडूचा खर्च कोण देतं हे मी एकदा ऑफिसात विचारलं होतं, ते म्हणाले काका स्वतःच आणतात. म्हणून यावेळी एक खोका पाठवतेय, रंगीत पण आहेत, नाही म्हणू नका.

आणि एक विनंती आहे. 6 जानेवारीला दर्पण हे पहिलं मराठी वर्तमानपत्र निघालं 1832 साली, ते तुम्ही लिहिताच, पण ते काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्ले आमच्याच तालुक्यात आहे. मी डिसेंबरात घरी जाणारेय तेव्हा तिथे जाऊन फोटो काढून आणते. या वेळी फळा मधोमध रेघ मारून दोन रकान्यांत लिहाल का, एकीकडे इंग्रजी एकीकडे मराठी, जसं दर्पण छापायचे तसं? इंग्रजी रकाना मी लिहीन, सकाळी सहाला येते.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलवाली, देवगडची