यादीतला पत्ता आणि हुकलेलं मत

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

सोसायटीत मतदार नोंदणीचं काम अंगावर घेतलंस हे बरं केलंस. लोक मतदानाला का जात नाहीत यावर पानभर टिपण हवंय, असं तू लिहिलंस. एक आधीच सांगते, टिपणाची सुरुवात 'शहरी माणूस उदासीन आहे' अशी करू नकोस. उदासीन माणसं असतात, नाही असं नाही. पण मतं हुकतात त्यातली बरीच मतदानाच्या कितीतरी आधी, कागदावरच हुकलेली असतात. त्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठायचा कंटाळा हा त्यातला छोटा भाग आहे.

टक्केवारीपासून सुरू कर, कारण लोक तिथेच फसतात. २०१९ च्या लोकसभेला देशात ६७.४ टक्के मतदान झालं, २०२४ ला ६५.७९ टक्के. त्याच २०२४ मध्ये गडचिरोली-चिमूरने सत्तरी ओलांडली आणि दक्षिण मुंबई जेमतेम पन्नासवर अडकली. आता ही टक्केवारी कशाची काढतात? यादीत जेवढी नावं आहेत त्यांची. त्या यादीत वारलेली माणसं असतात, घर सोडून गेलेले भाडेकरू असतात, लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या मुलींची माहेरची नावं असतात. ज्या भागात माणसं सारखी घरं बदलतात, तिथे यादी फुगते आणि टक्का आपोआप खाली दिसतो. उलट ज्यांनी नाव नोंदवलंच नाही ते या हिशेबात कुठेच नाहीत. २०२४ ला १८-१९ वयाचे नोंदलेले मतदार सुमारे १.८ कोटी होते. त्या वयाची देशातली एकूण मुलं त्याच्या दुपटीहून जास्त भरतात. तेव्हा तुमच्या वॉर्डाचा टक्का कमी दिसला म्हणून लगेच कुणाला नावं ठेवू नकोस. आधी यादीतली किती माणसं तिथे खरोखर राहतात ते बघ.

सगळ्यात मोठा गट म्हणजे गाव सोडून आलेल्यांचा. २०१९ ला तीस कोटींहून अधिक मतदारांनी मत दिलं नाही, असं निवडणूक आयोगानेच सांगितलं होतं, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणून स्थलांतराकडे बोट दाखवलं होतं. त्यावर उपाय म्हणून ७२ मतदारसंघांची मतं एकाच खोलीतून घेता येतील असं यंत्र त्यांनी जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलं. पक्षांना ते पटलं नाही आणि विषय तिथेच राहिला. म्हणजे आज तरी तुझ्यासमोरच्या माणसाला दोनच वाटा आहेत: गावी जाऊन मत द्यायचं, नाहीतर नाव इकडे आणायचं.

नाव इकडे आणायला लोक का कचरतात हे नीट ऐकून घे, कारण तुला दारोदार हेच ऐकू येणार आहे. 'गावचं नाव काढलं तर जमिनीवरचा हक्क जाईल', 'रेशनकार्ड बंद होईल', 'ग्रामपंचायतीला आमच्या भावकीचं एकेक मत मोजलेलं असतं'. पहिल्या दोन्हींत तथ्य नाही. सातबारा आणि शिधापत्रिका यांचा मतदार यादीशी काही संबंध नाही. तिसरं मात्र खरं आहे, आणि त्याला उत्तर देताना शब्द जपून वापर. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, आणि ते जिथे माणूस सामान्यतः राहतो तिथे. नुसतं घर नावावर आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही, आणि काही दिवस बाहेर गेल्याने रहिवास तुटतही नाही. अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दोन्हीकडे नाव ठेवून 'कुठे काय कळतंय' म्हणणाऱ्यांना एवढं ऐकव. पण कुणाला नाव हलव असा आग्रह धरू नकोस. वर्षातून चार वेळा गावी जाणारा आणि तिथल्याच पाण्या-रस्त्याची काळजी असणारा माणूस गावचा मतदार राहिला तर बिघडत नाही. फक्त त्याने मतदानाला जायची तयारी ठेवावी.

आता अर्जाचं. नवीन मतदाराला नमुना ६, पत्ता बदलायला नमुना ८, नाव वगळायला नमुना ७. ऑगस्ट २०२२ पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेल्यावर पुन्हा नमुना ६ भरावा लागे, आणि अजून कितीतरी जण, सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा, तेच सांगतात. ज्याचं नाव आधीच कुठेतरी आहे त्याने नमुना ६ भरला की दुसरी नोंद तयार होते, ती दुबार म्हणून पकडली जाते, आणि साफसफाईत कधी भलतीच नोंद उडते. तेव्हा दार उघडल्यावर पहिला प्रश्न हाच: 'याआधी कुठे नाव होतं का?' 'माहीत नाही' म्हणाले तर निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर शोधून मगच अर्जाला हात लाव. शोधताना ओळखपत्राच्या नंबरावर भर दे. नावाने शोधलं तर 'सुरेश'चा 'सूरेश' झालेला असतो आणि नोंद सापडत नाही. तीन अक्षरं आणि सात आकडे असा तो नंबर घर बदललं तरी तोच राहतो. जुन्या कार्डावर तिरप्या रेघांचा लांबलचक नंबर असेल तर नवा नंबर आधी शोधून घ्यावा लागतो.

नमुना ८ ला पत्त्याचा पुरावा म्हणून वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, बँकेचं पासबुक, पासपोर्ट, आधार, नोंदणीकृत भाडेकरार, यांतलं एक चालतं. आधारवर अजून गावचा पत्ता आहे म्हणून मुलं थांबून राहतात. त्याची गरज नाही, नोंदणी केलेला भाडेकरार पुरतो. पाचशेच्या कागदावर सही करून ठेवलेला करार मात्र उपयोगाचा नाही. यातलं काहीच नसेल तरी अर्ज करता येतो, मग बीएलओने, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, घरी येऊन खात्री करावी लागते. आणि बरेच अर्ज इथेच गळतात: बीएलओ येतो, दाराला कुलूप. बहुतेक बीएलओ शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात, आपली नोकरी सांभाळून फिरतात. तुमच्या टॉवरच्या दहाव्या मजल्यावर ते तीनदा येणार नाहीत. वॉचमनकडे त्यांचा फोन नंबर घेऊन ठेवायला सांग, आणि अर्जात मोबाइल नंबर चालू असलेलाच द्यायला सांग.

अर्जाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवायचा. 'स्वीकृत' असं दिसलं तरी थांबू नये, यादीत नाव उघडून यादी भाग क्रमांक (यादीच्या कुठल्या भागात नाव आहे तो नंबर) आणि अनुक्रमांक बघायचा. खिशात कार्ड आहे म्हणजे मत आहे, असं अजिबात नाही. मत यादीतल्या नावाला आहे. अर्ज फेटाळला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

वयाचा नियमही बदलला आहे. आधी १ जानेवारीलाच १८ पूर्ण लागत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज देता येतो. बारावीची मुलं गाठ.

तारखांचा हिशेब टिपणात ठळक अक्षरात लिही. २०२४ च्या विधानसभेची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली, मतदान होतं २० नोव्हेंबरला. माणसाला वाटतं, महिना आहे. पण उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख होती २९ ऑक्टोबर. त्यानंतर यादीत कुणाचंही नाव घालता येत नाही, आणि त्याआधी हरकतींचे सात दिवस धरून एकूण दहा दिवस सोडावे लागतात. त्यामुळे नोंदणीचा अर्ज द्यायचा शेवटचा दिवस निघाला १९ ऑक्टोबर. घोषणेनंतर उरले चार दिवस! टीव्हीवर निवडणुकीचा गाजावाजा सुरू होतो तेव्हा जाग येणाऱ्याचं त्या वेळचं मत गेलेलंच असतं.

मतदानाच्या दिवशी काय बिघडतं, तेही थोडं सांगते. एका शाळेत पाच-सहा खोल्या असतात आणि प्रत्येक खोली वेगळ्या यादी भागाची. लोक गेटवरची सगळ्यात जवळची रांग धरतात, पाऊण तास उभे राहतात, आणि आतला अधिकारी म्हणतो, 'तुमचं नाव खोली नंबर चारला.' निम्मे तिथूनच घरी जातात. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून नेला तर हे टळतं. ती चिठ्ठी मात्र ओळखीचा पुरावा नाही. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं पासबुक यांपैकी काहीतरी लागतं. यादीत नावापुढे गैरहजर किंवा स्थलांतरित अशी नोंद असली तरी ओळख पटवून मत देता येतं, तिथे माघारी फिरायचं नाही. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलेलं असेल तर प्रदत्त मत, म्हणजे वेगळ्या मतपत्रिकेवर द्यायचं मत, मागायचं. ते नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत हे खरं, पण त्याची नोंद राहते आणि कोर्टात गेलं तर तीच कामाला येते. वेळ संपताना जे रांगेत असतील त्यांना चिठ्ठ्या देऊन मत देऊ देतात, म्हणून सहाला पाच मिनिटं असताना पोचलेल्याने परत जाऊ नये.

ज्यांना सुट्टी मिळत नाही ती माणसं उदासीन मोजली जातात, हा मला अन्याय वाटतो. १९५१ च्या कायद्याच्या कलम १३५ ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी आहे, रोजंदारीवरच्यालाही त्या दिवसाचा रोज मिळायला हवा. मालकाने नाही दिली तर दंड किती? पाचशे रुपयांपर्यंत. सोसायटीतल्या घरकामाच्या बायका, ड्रायव्हर, वॉचमन यांना ही सुट्टी कोण देणार, हा प्रश्न बैठकीत तूच काढ. पंच्याऐंशीवरच्या आजी-आजोबांची यादीही कर: ८५ पूर्ण असलेल्यांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं, पण त्यासाठी नमुना १२ ड निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो.

राहिले खरोखर नको म्हणणारे. 'माझ्या एका मताने काय होतं' याला लोक अटीतटीच्या निकालांचे दाखले देतात. मला ते फारसे पटत नाहीत, तसे निकाल क्वचितच लागतात. मी सांगेन ते असं: निकालानंतर नमुना २० मध्ये केंद्रनिहाय मतं जाहीर होतात. कुठल्या केंद्रावर किती माणसं बाहेर पडली हे प्रत्येक पक्षाचा कार्यकर्ता त्यावरून वाचतो, आणि ज्या केंद्रावर चाळीस टक्के पडतात तिथल्या गटाराची फाइल कुठे जाते ते तू बघतेच आहेस. कुणीच पसंत नसेल त्याला २०१३ पासून 'नोटा'चं बटण आहे.

बैठकीत कुणीतरी हटकून म्हणेल, ऑस्ट्रेलियासारखी सक्ती करा. तिथे १९२४ पासून सक्ती आहे आणि दंडही आहे, पण मतदान शनिवारी असतं, आधीही देता येतं, आणि आपल्या राज्यातल्या कुठल्याही केंद्रावर देता येतं. हा दुसरा भाग सांगायला लोक विसरतात. आपल्याकडे २०२४ ला लोकसभेसाठी मुंबईत सोमवारी मतदान ठेवलं, जोडून सुट्टी झाली. विधानसभेला आयोगाने मुद्दाम बुधवार निवडला, राज्याचा टक्का ६६ वर गेला, कुलाबा मात्र पंचेचाळीसच्या आतच राहिलं. नुसता वार बदलून भागत नाही.

शेवटी तुझ्या कामातलं एक. सगळ्या इमारतीचे अर्ज गोळा करून गठ्ठा घेऊन कचेरीत जाऊ नकोस. एका घरातल्यांचे एकत्र घेतात, परक्यांचा गठ्ठा घेत नाहीत. रविवारी क्लब हाउसमध्ये दोन लॅपटॉप लाव, ज्याचा त्याचा ओटीपी ज्याच्या त्याच्या फोनवर येऊ दे, आणि बीएलओंना त्याच दिवशी बोलाव. चहाचं बघ. पुढच्या आठवड्यात किती अर्ज नमुना ८ चे निघाले आणि किती ६ चे, ते मला कळव.

तुझी,
आई