खुईला काय विचारतोस, तिला विचार

बडोदे

प्रिय सुमे,

फोनवर घाईत काहीच सांगता आलं नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. रूबी डिक्सनचं 'आइस प्लॅनेट बार्बेरियन्स' आमच्या वाचनमंडळात घ्यायचं ठरलं, तेव्हा "काकूंना आधी कल्पना दे," असं तू बजावलं होतंस. दिली. इंग्रजी शिकवण्यात हयात गेलेल्या आमच्या काकूंनी ते सगळ्यांच्या आधी वाचून संपवलं, आणि दांडिया बाजारातल्या त्यांच्याच घरी आम्ही जमलो. सेव-उसळीच्या ताटल्या रिकाम्या झाल्या, दिवे लागले, तरी कुणी उठायला तयार नाही.

तू वाचलेलं नाहीस, म्हणून गोष्ट थोडक्यात सांगते. लेखिकेने 2015 मध्ये ती स्वतःच ई-पुस्तक म्हणून काढली आणि 2021 मध्ये टिकटॉकवरून ती एकदम सगळीकडे पोचली. पृथ्वीवरून पळवून आणलेल्या बायका एका बर्फाळ ग्रहावर अडकतात. तिथल्या हवेत माणूस तगत नाही. जगायचं असेल तर 'खुई' नावाचा एक जीव छातीत घ्यावा लागतो, आणि कुणाची जोडी कुणाशी हेही तोच ठरवतो. ज्याच्यापासून मूल व्हायचं तो माणूस समोर आला की खुई छातीत घुमू लागतो. नायक निळा, शिंगंवाला, शेपटीवाला. आणि शृंगार अगदी मोकळाढाकळा.

वाद पेटला तो पहिल्या भेटीवरून. नायिका मदत शोधायला एकटी निघते, फासात अडकते, शुद्ध हरपते. तिला पाहून नायकाचा खुई घुमतो, म्हणजे त्याच्या लेखी ती त्याची झालीच. तिच्या छातीत खुई नाही, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, आणि ती पुरती शुद्धीवर येण्याआधीच तो तिच्या अंगाशी जातो. लेखिकेने हे सुखाचं म्हणून रंगवलंय.

एकीने तिथेच पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं नाही. दुसरी म्हणाली, "पण तिला आवडलं ना, मग झालं!" त्यावर सरकारी दवाखान्यात जन्म काढलेल्या आमच्या नर्सताई तडकल्या. "कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येतं, म्हणून मी रडत असते का? स्पर्श झाला की अंग आपसूक जागं होतं, भीतीनेसुद्धा होतं. असं झालं म्हणून स्वतःला दोष देत बसलेल्या मुली मी पाहिल्यात." बराच वेळ कुणी बोललं नाही.

मला तर त्या पानांवर वेगळंच खटकलं. गोष्ट कधी ती सांगते, कधी तो. तिला बरं वाटतंय हे आपल्याला कळतं, कारण तिचं मन आपल्यापुढे उघडं असतं. त्याच्यापुढे ते नसतं! त्याच्याजवळ फक्त स्वतःच्या छातीतली घुमघुम. पुढे ती खूश झाली म्हणून न विचारता टाकलेलं पाऊल बरोबर ठरतं का? मला नाही पटत, सुमे. प्रेमकथेचा शेवट कितीही गोड असो.

मंडळातली सर्वांत धाकटी मात्र ठाम होती. "मला ते पान आवडलं. पुस्तक मी हवं तेव्हा मिटू शकते, तिथे माझ्यावर कुणाची सत्ता नाही. मनात जे रंगवते ते मला खरोखर हवंय असं कुणी धरून चालू नये." मी तिच्या बाजूने उभी राहिले. तिला लाजवून काय साधणार होतं? र. धों. कर्व्यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं, तेव्हा घरात ज्याबद्दल ब्र काढता येत नव्हता ते प्रश्न लोक त्यांना पत्राने विचारायचे. त्या उत्तरांपायी कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, आणि 1934 मध्ये त्यांचं वकीलपत्र आंबेडकरांनी घेतलं. बाईलाही कामसुख हवंसं वाटतं, हे तेव्हा छापणंसुद्धा गुन्हा ठरत होतं. म्हणून त्या मुलीचं आवडणं मला मोलाचं वाटतं. फक्त वाचणारीला आवडणं वेगळं आणि त्या पात्राचा होकार वेगळा, एवढं आम्ही दोघींनी मान्य केलं.

मग काकू बोलल्या. "हा खुई आमच्या वेळी पत्रिकेत असायचा. गुण जुळले की झालं, मुलीला कोण विचारतं!" आणि त्यांनी रखमाबाईंचा विषय काढला. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, नांदायला कधी गेल्याच नाहीत. नवऱ्याने 1884 मध्ये दावा लावला. न कळत्या वयातलं, संमतीशिवाय झालेलं हे लग्न मला बांधत नाही, ही त्यांची भूमिका. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या आणि इथे जवळच सुरतेला बायकांच्या दवाखान्यात कितीतरी वर्षं राबल्या. आपल्या बडोद्यात सयाजीरावांनी 1904 मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा केला, 1931 मध्ये हिंदूंना घटस्फोट दिला. आणि आज? 2013 पासून बलात्काराचा कायदा म्हणतो, बाईने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती धरायची नाही. पण नवऱ्याच्या बाबतीत अठरा वर्षांवरच्या बायकोला हे लागू नाही. नव्या न्याय संहितेतही तो अपवाद तसाच ठेवलाय, आणि हे लिहितानाही माझा संताप होतो.

म्हणूनच पहिल्या भेटीपेक्षा खुईच मला जास्त छळतोय. नायक पुढे तिची भाषा शिकतो, विचारू लागतो, तिचं ऐकतो, आणि ते भाग खरंच सुंदर आहेत. पण खुई घे नाहीतर मर, आणि घेतलास की जोडीदार तो ठरवणार, अशा वेळी बाई हो म्हणाली तर त्या होकाराला होकार म्हणायचं का? नर्सताई नाही म्हणतात. धाकटी म्हणते, अडचणीत सापडलेल्या बाईची निवडसुद्धा तिचीच असते, तीही नाकारलीत तर तिच्या हाती उरलं काय? दोघींचंही मला पटतं आणि दोन्ही एकत्र बसत नाहीत.

निघताना मी काकूंना विचारलं, तुम्हाला कुणी विचारलं होतं? म्हणाल्या, "नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. चांगले होते हे. पण विचारायला हवं होतं गं."

पुस्तक उद्या कुरियरने पाठवते. धाकटीच्या प्रश्नावर तुझं मत मला पत्रातच हवंय, फोनवर नको. पुढच्या बैठकीत ते सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

तुझीच,
मंदा